आर्थिक सुधारणा व मराठवाड्यातील तेलबिया

उदारीकरणानंतर मराठवाड्याच्या पीकपद्धतीत, विशेषतः तेलबियांत, झालेला पालट. त्याचा आरंभ जुलै १९९१ पासून धरण्याची रीत आहे. पण त्या वर्षीच्या निर्णयांचा रोख मुख्यतः उद्योग आणि परकीय व्यापारावर होता. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद-पालाश खते नियंत्रणमुक्त झाली, तो आरंभ काही जण मानतात. तेलबियांपुरते १९९४ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. त्या वर्षी पामोलीनची (पाम तेलाच्या शुद्ध, पातळ भागाची) आयात खुली झाली आणि त्यावरील ६५ टक्के शुल्क १९९८ पर्यंत १५ टक्क्यांवर उतरले.

फटका बसला तो करडई आणि सूर्यफुलाला. सगळी घट आयातीच्या माथी मारता येत नाही. सूर्यफुलावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नेक्रोसिस हा विषाणूजन्य रोग आला. फुलकिडे तो पसरवतात आणि बांधावरचे गाजरगवत त्याला थारा देते. करडई काटेरी, म्हणून काढणीला मजूर मिळेना. पेरणी लांबली की मावा ही कीडही वाढते. तरी हे त्रास आधीपासून होतेच. भाव पडल्यावर ते सोसणे परवडेनासे झाले, असे मानणे सयुक्तिक.

या दोन्ही पिकांची जागा सोयाबीनने घेतली. ते ९५ ते १०५ दिवसांत निघते आणि त्याच रानात हरभरा पेरता येतो. दाण्यात तेल १८ ते २० टक्केच, बाकी बहुतांश पेंड. त्यामुळे लातूरच्या आडतीवरचा भाव पेंडीच्या जागतिक मागणीशी बांधला गेला.

खतांतील बदल कमी चर्चिला जातो, पण तो महत्त्वाचा आहे. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० स्फुरद, ३० पालाश व २० गंधक अशी शिफारस आहे. ६० किलो स्फुरदासाठी डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) सुमारे १३० किलो, म्हणजे अडीच पोत्यांहून थोडे अधिक लागते. त्यात गंधक नसते. सिंगल सुपर फॉस्फेट ३७५ किलो, साडेसात पोती लागते, पण त्यातून सुमारे ४० किलो गंधक मिळते. वाहतूक वाचवण्यासाठी डीएपी घेतला आणि गंधक वेगळे दिले नाही, तर दाण्यातील तेलाचा उतारा घटतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलांवर २० टक्के मूळ आयातशुल्क लागले. मे २०२५ अखेर ते १० टक्के झाले. २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, खुल्या बाजारात मात्र भाव त्याखाली राहिले. शासकीय खरेदीची १२ टक्के ओलाव्याची अट त्या हंगामात १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली.