औद्योगिक पुनर्रचना आणि प्रादेशिक कार्बन उत्सर्जन

एखाद्या प्रदेशाच्या एकूण उत्पादनात कोणत्या उद्योगाचा किती वाटा आहे, हे प्रमाण बदलणे म्हणजे औद्योगिक पुनर्रचना. तोच माल कमी इंधनात, निराळ्या कच्च्या मालातून किंवा निराळ्या रासायनिक प्रक्रियेने काढता येणे म्हणजे तंत्रज्ञानातील नवोन्मेष. दोन्हींमुळे प्रदेशाचे उत्सर्जन घटू शकते, पण दोन्ही घटी एका जातीच्या नसतात. पोलाद कारखाना बंद झाला आणि पोलादाचा वापर तसाच राहिला, तर धूर दुसऱ्या प्रदेशात निघतो. त्यामुळे प्रादेशिक आकडा खाली आला, की तो कशामुळे आला हे उकलल्याशिवाय त्याला यश म्हणता येत नाही.

ही उकल करण्याची मूळ चौकट जपानी अर्थतज्ज्ञ योइची काया यांच्या नावाने ओळखली जाते. तीत उत्सर्जन म्हणजे लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या दर एककामागे लागणारी ऊर्जा आणि ऊर्जेच्या दर एककामागे निघणारा कार्बन यांचा गुणाकार. मात्र या सूत्रात उद्योगांची रचना दिसत नाही. ती दिसावी म्हणून प्रत्येक उद्योगाचे उत्पादन, त्याचा वाटा आणि त्याची कार्बन तीव्रता (उत्पादनाच्या दर एककामागे निघणारे उत्सर्जन) वेगवेगळी मांडावी लागते. त्यासाठी लॉगॅरिदमी माध्यावर आधारलेली विघटन पद्धत, म्हणजे एकूण बदल त्याच्या कारणांमध्ये वाटून दाखवणारी पद्धत, सर्वाधिक वापरली जाते.

एक काल्पनिक प्रदेश घेऊ. त्याचे उत्पादन 100 एकक आहे, त्यातले 40 जड उद्योगाचे (तीव्रता 2.0) आणि 60 हलक्या उद्योग-सेवांचे (तीव्रता 0.2). उत्सर्जन 80 अधिक 12, म्हणजे 92. काही वर्षांनी उत्पादन 150 झाले, जड उद्योगाचा वाटा 40 वरून 30 टक्क्यांवर आला आणि त्याची तीव्रता 1.6 झाली; हलक्यांची 0.2 च राहिली. आता उत्सर्जन 72 अधिक 21, म्हणजे 93. वरवर पाहता काहीच घडलेले नाही. विघटनात प्रत्येक उद्योगाच्या उत्सर्जनातील फरकाला त्याच्या नैसर्गिक लॉगॅरिदमांच्या फरकाने भागून भार काढतात. जड उद्योगाचा भार 75.9 आणि हलक्याचा 16.1 येतो. हे भार प्रत्येक घटकाच्या लॉगॅरिदमी बदलाने गुणले, की चित्र उघडते : उत्पादनवाढीने 37.3 ची भर घातली, रचनाबदलाने 19.4 ची आणि तीव्रतेतील सुधारणेने 16.9 ची घट केली. बेरीज बरोबर 1.

चुका बहुधा गणितात होत नाहीत, आधीच्या माहितीत होतात. उत्पादन चालू किमतींत घेतले, तर महागाई तीव्रतेची घट म्हणून दिसते. म्हणून किमती स्थिर हव्यात. उद्योगांचे वर्गीकरण ढोबळ असेल, तर ‘धातू’ या एकाच रकान्यात झोतभट्टीकडून (कोळशापासून केलेल्या कोकने खनिजातून लोखंड काढणारी भट्टी) भंगार वितळवणाऱ्या विद्युतभट्टीकडे झालेला बदल तंत्रज्ञानाच्या खात्यात जातो, खरे तर तो रचनेचाही बदल असतो. बाहेरून आलेल्या विजेचे उत्सर्जन कोणाच्या नावे धरायचे, हे आधी ठरवले नाही, तर वीज आयात करणारा प्रदेश फुकटात स्वच्छ ठरतो.

तंत्रज्ञानाचा परिणाम उद्योगागणिक निराळा असतो. सिमेंटमध्ये इंधन बदलून फारसे साधत नाही, कारण चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो : एक टन क्लिंकरमागे (दळून सिमेंट होते ते भाजलेले खडे) सुमारे 0.52 टन. म्हणून खरा लाभ क्लिंकरचे प्रमाण घटवण्यात आहे. भाजलेली चिकणमाती आणि दळलेली चुनखडी मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणता येतो. ही माती 700 ते 850 अंश सेल्सिअसला भाजते, क्लिंकरला मात्र सुमारे 1,450 अंश लागतात. पोलादात झोतभट्टीच्या मार्गाने टनामागे दोन टनांहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड निघतो, भंगारापासून त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. पण भंगार मर्यादित असते. हायड्रोजनने खनिज लोखंडातला ऑक्सिजन काढण्याचा मार्ग आशादायक आहे, मात्र त्याला टनामागे सुमारे 3.5 मेगावॅट-तास वीज लागते. ही वीज कोळशाची असेल, तर नवे पोलाद झोतभट्टीच्या पोलादाहून अधिक कार्बन सोडेल. तंत्रज्ञान चांगले की वाईट, हे त्या प्रदेशाच्या वीज जाळ्यावर ठरते.

स्थलांतर आणि सुधारणा पुष्कळदा एकत्र येतात. बीजिंगमधील शौगांग पोलाद कारखान्याचे शहरातले उत्पादन 2010 अखेर थांबले आणि ते हबेई प्रांतातील त्साओफेइदियान येथे, नव्या व मोठ्या भट्ट्यांमध्ये गेले. शहराच्या आकड्यात घट आली. प्रांताच्या आकड्यात भर पडली. भट्ट्या नव्या असल्याने काही बचत खरीही होती. वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील शेवटची झोतभट्टी सप्टेंबर 2024 मध्ये बंद झाली, आणि विद्युतभट्टी उभी राहीपर्यंत तिथल्या गिरण्यांना पोलादाच्या लाद्या बाहेरून आणाव्या लागतात. असा फरक पकडण्यासाठी हद्दीतील हिशेबाशेजारी उपभोगाचा, म्हणजे प्रदेशात वापरलेल्या मालामागच्या उत्सर्जनाचा, हिशेबही ठेवावा लागतो. तो आदान-प्रदान कोष्टकांवरून (कोणता उद्योग कोणाकडून किती माल घेतो, हे दाखवणारी कोष्टके) निघतो, आणि ही कोष्टके वर्षानुवर्षे जुनी असतात, ही त्याची मोठी अडचण आहे.

नवोन्मेष मोजायला अनेक अभ्यासांत एकस्वांची (पेटंटची) संख्या वापरतात. हे माप तोकडे आहे. एकस्व नोंदले गेल्यापासून यंत्र कारखान्यात बसेपर्यंत बराच काळ जातो, आणि एकस्व शहरात नोंदवले जाते तर भट्टी दुसऱ्याच जिल्ह्यात असते. शिवाय कार्यक्षमता वाढल्याने माल स्वस्त होऊन वापर वाढू शकतो. कोळशाच्या बाबतीत इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी हे 1865 मध्येच दाखवले होते.

वेळही तितकीच निर्णायक आहे. झोतभट्टीचे आतले अस्तर साधारण 15 ते 20 वर्षे टिकते. ते बदलायची वेळ आली, की दोन वाटा उरतात : नवे अस्तर चढवणे किंवा मार्गच बदलणे. त्या वेळी प्रदेशात पुरेशी स्वच्छ वीज, भंगार गोळा करण्याची व्यवस्था आणि कामगारांच्या प्रशिक्षणाची सोय तयार नसेल, तर अस्तरच चढवले जाते, आणि पुढच्या फेरीपर्यंत तो कोळसा त्या प्रदेशाच्या हिशेबात पक्का होतो.