‘मेमरी डबल’ हे आलं कुठून? दोन ग्राफिक्स कार्डांची पार्श्वभूमी

इंदुरात जुनं ग्राफिक्स कार्ड शोधायला निघालं की अजूनही कुणीतरी सांगतंच, ‘एक महागडं कशाला, जुनी दोन लावा, मेमरी डबल!’ या समजुतीचं मूळ एसएलआय या तीन अक्षरांत आहे, म्हणजे एकाच संगणकात दोन कार्डं जोडून चालवण्याच्या सोयीच्या नावात. ती अक्षरं दोन निराळ्या गोष्टींना चिकटलीत.

१९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू-२ कार्डांसोबत आलेलं एसएलआय म्हणजे स्कॅन-लाइन इंटरलीव्ह. चित्राच्या सम ओळी एका कार्डाच्या, विषम ओळी दुसऱ्याच्या. चित्र एकच असल्यामुळे फ्रेमपुरती (पडद्यावरच्या एका चित्रापुरती) मेमरी खरोखर बेरजेत यायची, म्हणून तर ८००×६०० ठिपक्यांच्या चित्रावरून १०२४×७६८ गाठता आलं. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रं, मात्र दोन्हीकडे तेच साठवावे लागत. ‘डबल’ हे तेव्हा अर्धं खरं होतं.

पुढे थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियानं घेतली आणि २००४ मध्ये तीच अक्षरं नव्या अर्थानं बाजारात आणली: स्केलेबल लिंक इंटरफेस. आता बहुतेक गेममध्ये एक फ्रेम या कार्डाची, पुढची त्या कार्डाची. पूर्ण फ्रेम काढायची तर सगळं सामान दोन्हीकडे हवं. त्यामुळे चार-चार जीबीची दोन कार्डं लावा, गेमला मिळणार चारच. नाव तेव्हाच बदललं असतं तर निम्मे वाद वाचले असते. प्रतिस्पर्धी एटीआयची तशीच सोय, क्रॉसफायर, २००५ मध्ये आली. तिथेही मेमरीचा हिशेब हाच.

२०१४ ते १६ हा या जोड्यांचा शेवटचा बरा काळ. एनव्हिडियाची दोन जीटीएक्स ९७० कार्डं लावून मिरवणारे आमच्याही ओळखीत होते. आकडा सेकंदाला ६० फ्रेमचा दिसे, पण फ्रेममधलं अंतर विषम पडल्यानं डोळ्यांना झटके जाणवत. शिवाय इंदूरचा मे महिना, त्यात खालच्या कार्डाची गरम हवा वरचं कार्ड ओढणार!

मग गेम बनवण्याची रीतच बदलली. कडा गुळगुळीत करायला मागच्या फ्रेमचा डेटा लागू लागला, आणि मागची फ्रेम तर शेजारच्या कार्डात. गेमला कार्डाशी जोडणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीनं, २०१५ च्या डायरेक्टएक्स १२ नं, दोन कार्डांची जबाबदारी गेम बनवणाऱ्यांवर टाकली. मूठभर ग्राहकांसाठी ती कोण घेणार? २०१६ च्या जीटीएक्स १०६० ला जोडणीची सोयच नव्हती.

खरी कुरबुर झाली एनव्हिडियाच्या २०२० च्या निर्णयावर: १ जानेवारी २०२१ पासून आरटीएक्स २० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी नव्या एसएलआय प्रोफाइल (एखादा गेम दोन कार्डांवर चालवायची ड्रायव्हरमधली जुळणी) बंद. निर्णय बरोबरच होता. पण २०१८ मध्ये याच पिढीसाठी एनव्हीलिंकचा ब्रिज, म्हणजे दोन कार्डं जोडणारा तुकडा, वेगळे पैसे घेऊन विकला होता, त्यामुळे रागही रास्त. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० वर तर ती जोडणी उरलीच नाही.

आता दोन कार्डं घेणारे गेमिंगपेक्षा घरच्या घरी एआय मॉडेल चालवायला घेतात. मॉडेलचे थर दोन्ही कार्डांत वाटले जातात आणि तिथे मेमरी खरंच जवळपास डबल होते.