सिंहगड, दोन घड्याळं आणि न जुळणाऱ्या कॅलरी

रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीतून वर जाणाऱ्या वाटेवर जत्राच असते. पुणे दरवाज्यापाशी पोचलेला माणूस पूर्वी आधी घाम पुसायचा, मग पाण्याची बाटली काढायचा. आता आधी मनगट डोळ्यांसमोर धरतो. आम्हीही त्यातलेच. धाप जरा खाली बसल्यावर मेहुण्याने विचारलं, "भावोजी, तुमचं किती?"

माझ्या घड्याळात ६१२ कॅलरी होत्या. त्याच्या घड्याळात ८४०. वाट एकच, वेळ एकच, वाटेत लिंबूसरबताला थांबलो तेही एकत्रच. "म्हणजे भज्यांची एक प्लेट मला जास्त," असं म्हणून तो झोपडीकडे वळला सुद्धा.

पुढच्या रविवारी त्याला जमणार नव्हतं, म्हणून मी त्याचं घड्याळ मागून घेतलं आणि दोन्ही मनगटांवर एकेक बांधून गड चढलो. लोक बघत होते, बघू देत. वर पोचल्यावर डावा हात म्हणाला ५९८, उजवा म्हणाला ७७५. माणूस एक, हृदय एक. मग त्याच्या घड्याळाची सेटिंग्ज उघडली आणि हसू आलं. तिथे वय ३४ होतं आणि वजन ७८ किलो. माझं वय ४९, वजन ७०. घड्याळाने मला ओळखलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी खरेदीच्या दिवशी मेहुण्याने जे टाइप केलं, त्याच माणसाला ते माझ्या पायांनी गडावर चढवत होतं. माझी माहिती भरून तिसऱ्या रविवारी पुन्हा चढलो. फरक कमी झाला, पण मिटला नाही. घड्याळ परत देताना त्याचे जुने आकडे पुन्हा भरून ठेवले.

याचं कारण साधं आहे. मनगटावरचं कुठलंही घड्याळ कॅलरी मोजत नाही. त्यासाठी ते मुख्यतः दोनच गोष्टी मोजतं, हलणं आणि नाडी. बाकी सगळा अंदाज.

हलणं मोजायला आत तांदळाच्या दाण्याहून लहान एक चिप असते. हात पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडे किती जोरात हलला ते तिला कळतं. तो झोका चालण्यासारखा वाटला की पाऊल मोजलं जातं. म्हणूनच भजनात टाळ वाजवणाऱ्याची पावलं बसल्या जागी वाढतात, आणि सुपरमार्केटमध्ये ट्रॉली दोन्ही हातांनी ढकलत अर्धा तास फिरणाऱ्याची बरीचशी गळतात.

नाडीची गोष्ट जास्त सुरेख आहे. घड्याळ काढून पालथं केलं की हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्या क्षणभर भरतात, तेवढा जास्त प्रकाश आत गडप होतो आणि परत येणारा कमी होतो. ठोका ओसरला की उलट. हा चढउतार टिपला की ठोक्यांची संख्या मिळते. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो. थंडीत त्वचेतल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि संदेश क्षीण होतो. पळताना तर कधीकधी एक मजेशीर घोटाळा होतो. मिनिटाला १७० पावलं पडत असतील तर घड्याळ हाताच्या त्या हिसक्यांनाच ठोके समजून बसतं आणि नाडीही १७० दाखवतं. आपण उगाच घाबरतो.

तरीही ठोके मोजण्यात ही यंत्रं एकंदरीत चांगली आहेत. गाडी अडते ती ठोक्यांवरून कॅलरीकडे जाताना.

शरीराने किती ऊर्जा खर्च केली हे खरोखर मोजायचं तर उष्णता मोजावी लागते, नाहीतर श्वास. १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एका गिनी पिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगाच्या उबेने किती बर्फ वितळला ते मोजलं. गिनी पिगने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याची तुलना करून त्यांनी दाखवलं की श्वसन हे एक प्रकारचं संथ जळणंच आहे. आपल्याकडे ज्याला जठराग्नी म्हणतात त्याला वजनकाट्यावर घालण्याचाच हा प्रकार. पुढे १८९०च्या दशकात अमेरिकेत ॲटवॉटर आणि रोसा यांनी अख्खा माणूस मावेल अशी बंद खोली बांधली. तिच्यात माणूस काही दिवस राही, खाई, झोपे, सायकल चालवी, आणि त्याची उष्णता खोलीत खेळवलेल्या पाण्यातून मोजली जाई. आजच्या प्रयोगशाळेत त्या खोलीचं काम तोंडावरचा मास्क करतो. शरीराने एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ५ कॅलरी खर्च झाल्या, हे प्रमाण बऱ्यापैकी पक्कं आहे. (आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो ती खरी किलोकॅलरी, म्हणजे एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला लागणारी ऊर्जा.)

मनगटाला ऑक्सिजनच्या वापराचा पत्ता नसतो. म्हणून घड्याळ ठोक्यांवरून तो ताडतं. चांगला दम लागेल असं सलग चालणं-पळणं असेल तर ठोके आणि ऑक्सिजन हातात हात घालून वाढतात, तेव्हा हे जमतं. पण ठोके काही फक्त मेहनतीने वाढत नाहीत. दोन कप कडक चहाने वाढतात, साहेबाच्या फोनने वाढतात, मे महिन्याच्या उन्हात तर चालण्याचा वेग तोच ठेवला तरी वाढत जातात, कारण अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळवावं लागतं. उलट, रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेणाऱ्या माणसाचे ठोके मुळातच दाबलेले असतात. तो गड चढला तरी घड्याळाला वाटतं, गृहस्थ बागेत शतपावली करतायत. जिममध्ये वजनं उचलताना श्वास रोखून जोर लावला जातो, तिथेही ठोके आणि ऑक्सिजन यांची जोडी फुटते.

आणि या सगळ्याच्या तळाशी असतं एखादं जुनं समीकरण. स्वस्थ पडलेलं शरीर दिवसाला किती जाळतं याचं गाजलेलं सूत्र हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १९१९ साली दिलं, ते १३६ पुरुष आणि १०३ स्त्रियांच्या मोजमापांवरून. १९९० साली मिफ्लिन आणि सेंट जॉर यांनी ४९८ जणांवरून नवं सूत्र काढलं. दोन्ही अमेरिकेतली. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, तज्ज्ञांनी भारतीय प्रौढांसाठी हा विसाव्याचा खर्च आंतरराष्ट्रीय सूत्रांपेक्षा साधारण ५ टक्के कमी धरला होता. घड्याळाच्या कंपन्या आपलं गणित पूर्ण उघड करत नाहीत, पण वय, वजन, उंची, लिंग विचारतात ते अशाच एखाद्या समीकरणात घालायला. म्हणजे तुमच्यासारख्या माणसांची सरासरी काढली जाते आणि ती तुमच्या नावावर खपवली जाते.

२०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने ही गोष्ट तपासली. मनगटावरची सात यंत्रं, ६० स्वयंसेवक, ट्रेडमिल आणि सायकल, आणि खरं-खोटं करायला श्वासातले वायू मोजणारं उपकरण. सातपैकी सहा यंत्रांची ठोक्यांतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीच्या बाबतीत सर्वांत चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. त्यानंतर यंत्रं सुधारली आहेत, पण ठोक्यांवरून ऑक्सिजन ताडायची मूळ अडचण तशीच आहे.

मला मात्र दुसऱ्याच्या प्रयोगावर समाधान मानायचं नव्हतं. सिंहगडाचं एक बरं आहे, तिथे शाळेतलं भौतिकशास्त्र चालतं. आतकरवाडीपासून वरपर्यंतची चढण साधारण ६०० मीटरची. ७० किलोचं वजन ६०० मीटर उचलायचं तर ७० गुणिले ९.८ गुणिले ६००, म्हणजे सुमारे ४ लाख ११ हजार जूल. कॅलरीत सांगायचं तर जेमतेम ९८. इतकंच? हो, पण आपले स्नायू उधळे आहेत. खर्चातला २० ते २५ टक्के भागच त्यांच्याकडून कामी लागतो, बाकीची उष्णता होऊन घामावाटे निघून जाते. म्हणजे खर्च ९८च्या चार ते पाच पट, ३९० ते ४९०. मला चढायला तास-वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात नुसतं जिवंत राहायला मिफ्लिनच्या सूत्राप्रमाणे आणखी सुमारे ८५. बेरीज ४७५ ते ५७५. वाट खडबडीत आहे, पाय घसरतो, म्हणून वर थोडं धरा. माझ्या घड्याळाचे ६१२ फारसे खोटे नव्हते. मेहुण्याचे ८४० मात्र त्याचं खरं वजन धरूनही जास्तच होते.

त्या ८५ कॅलरींवर जरा थांबायला हवं, कारण भज्यांचा हिशेब तिथेच चुकतो. त्या मी घरी सोफ्यावर पडून राहिलो असतो तरी जळल्याच असत्या. घड्याळ कधी त्या धरून एकूण आकडा दाखवतं, कधी त्या वगळून. आणि आपण जो मोठा असेल तो बघतो. वर, एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. गडावरच्या एका प्लेटीत असे किती चमचे असतील ते कढईजवळ उभं राहून बघा, म्हणजे मोजायची इच्छाच उरणार नाही. उतरताना गुडघे बोलतात, पण खर्च चढणीच्या मानाने फारच थोडा होतो. तो उतारही मोठ्या मनाने हिशेबात धरला जातो.

याहून चक्रावणारी गोष्ट टांझानियातली आहे. तिथल्या हाड्झा लोकांपैकी काही जण आजही शिकार आणि कंदमुळांवर जगतात, रोज मैलोन्‌मैल चालतात. मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांना जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला देऊन त्यांचा दिवसाचा एकूण खर्च मोजला. यात जड हायड्रोजन फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो, तर जड ऑक्सिजन पाण्यावाटे आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. लघवीच्या नमुन्यांतून दोन्हींतला फरक काढला की श्वासाचा, म्हणजे जळणाचा, हिशेब लागतो. २०१२ साली निष्कर्ष आला: शरीराचा आकार लक्षात घेतला तर हाड्झांचा दिवसाचा खर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकन-युरोपीय माणसांएवढाच. पाँट्झर यांचं म्हणणं असं की खूप हालचाल करणारं शरीर दुसरीकडे काटकसर करतं. यावर वाद आहेत. पण सकाळी ५०० जाळले म्हणजे रात्रीपर्यंत ५०० वजा झाले, असं गृहीत धरणाऱ्या सगळ्या ॲपना हा प्रश्न अडचणीचा आहे.

हे सगळं मी चौथ्या रविवारी मेहुण्याला चढताचढता सांगितलं. त्यामुळे मला धाप जास्त लागली आणि आकडाही वाढला असणार. वर पोचल्यावर मडक्यातलं दही खाताखाता त्याने सेटिंग्ज उघडली आणि मोठ्या प्रामाणिकपणे ७८ खोडून ८६ केले. त्याच्या पुढच्या रविवारी पुणे दरवाज्यात त्याचं मनगट म्हणालं ९०५.

"बघा भावोजी," तो म्हणाला, "वजन वाढलं की कॅलरी जास्त जळतात." भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होतं. मी गप्प बसलो. त्याने दोन प्लेट कांदाभजी सांगितली.