इस्रायलवर बहिष्कार टाकला की अमेरिकेत तुरुंग?

अमेरिकेत इस्रायली मालावर बहिष्कार टाकला की तुरुंगवारी ठरलेली, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. इस्रायल-समर्थक संघटनांच्या पाठपुराव्यातून ३०हून अधिक राज्यांनी कायदे किंवा आदेश काढले, हे खरं. पण त्यांचा रोख मुख्यतः सरकारी कंत्राटांवर. आर्कान्सॉचा २०१७चा कायदा बघा: ‘बहिष्कार टाकणार नाही’ असं लिहून द्या, नाहीतर बिलात २० टक्के सूट द्या! ‘आर्कान्सॉ टाइम्स’ने बहिष्कार टाकलाच नव्हता, तरी सही नाकारली. तत्त्वाचा प्रश्न. एका सरकारी कॉलेजच्या जाहिराती हातच्या गेल्या. पेपर कोर्टात गेला, २०२२मध्ये अपिलात हरला. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. गेले ते जाहिरातींचे पैसे, तुरुंगात कुणीच नाही.