पार्श्वभूमी : बँडच्या स्पर्धेत गुण वादनाला की नावाला?

गणपतीच्या आधी सोलापुरात संध्याकाळी मैदानांवर लेझीमचा सराव सुरू होतो. हलगी-ताशाच्या ठेक्यावर डाव बसवले जातात, रांगा सरळ केल्या जातात. पुढे बक्षिसं जाहीर झाली की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘त्यांचं नाव आहे, म्हणून त्यांना दिलं.’ शाळांच्या बँड स्पर्धांनंतर पालकही हेच बोलतात. हरलेल्यांची कुरकुर म्हणून ते झटकून टाकणं सोपं आहे. पण ही शंका शतकाहून जुनी आहे, आणि ज्यांनी मोठ्या स्पर्धा भरवल्या त्यांनी ती गंभीरपणे घेऊनच नियम केले.

सुरुवात इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरणगावांत होते. तिथल्या कापडगिरण्यांचे आणि खाणींचे कामगार पितळी वाद्यांचे बँड चालवत. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू उद्यानात १८५३ साली त्यांची मोठी स्पर्धा सुरू झाली. यॉर्कशायरच्या ब्लॅक डाइक मिल्सचा बँड तर गिरणीच्याच नावाने जगभर गाजला. ज्या शहराने जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंगगिरजीचे भोंगे ऐकले, त्याला गिरणी-गिरणीतली ही ईर्षा वेगळी समजावून सांगायला नको. एवढी ईर्षा, वर बक्षिसाची रक्कम. त्यात परीक्षकाला समोर कोण उभं आहे हे दिसलं तर निकालावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून तिथे परीक्षकाला बंद तंबूत किंवा झाकलेल्या कक्षात बसवण्याची प्रथा रुजली. वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. परीक्षकाला फक्त क्रमांक कळतो आणि सूर ऐकू येतात. मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थ आणि टेमसाइड भागातल्या गावांत व्हिट फ्रायडेला, म्हणजे पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या शुक्रवारी, बँड रस्त्यावरून चालत येतात, तिथेही धून ऐकणारा परीक्षक बंद कॅराव्हॅनमध्ये किंवा नजरेआड बसतो. चालण्यातल्या शिस्तीचं बक्षीस काही गावांत वेगळं असतं. ही विभागणी मला फार महत्त्वाची वाटते, कारण संचलन करणाऱ्या बँडची खरी अडचण तिथेच आहे. पावलं, रांगा, गणवेश, वळणं यांना गुण द्यायचे तर पाहावं लागतं, आणि पाहिलं की नाव कळतं.

अमेरिकेत ही अडचण सगळ्यात ठळक दिसते. संचलन करणाऱ्या बँडच्या स्पर्धा भरवणारी ड्रम कॉर्प्स इंटरनॅशनल ही संस्था १९७१ मध्ये स्थापन झाली आणि १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. सुरुवातीच्या काळात परीक्षक वादकांच्या अगदी जवळ जाऊन चुका टिपत. प्रत्येक चुकीला ठरावीक गुण कापले जात. १९८४ पासून ती पद्धत गेली आणि कामगिरीचं मूल्य शून्यापासून वर मोजणं सुरू झालं. रचना अवघड करणाऱ्याला आधी शिक्षाच व्हायची, म्हणून हा बदल हवाच होता. पण चूक मोजताना मताला जागा कमी असते, परिणाम मोजताना ती वाढते. आज तिथल्या १०० गुणांपैकी ४० ‘एकूण परिणामा’ला आहेत. शिवाय अंतिम फेरीतला क्रम आदल्या फेरीच्या गुणांवरून ठरतो, सर्वात वरचा बँड सर्वात शेवटी. मागच्या आठवड्याचे गुणही सर्वांना ठाऊक असतात. परीक्षक कितीही सचोटीचा असो, समोर येणारा बँड ‘कुठे बसायला हवा’ याचा अंदाज त्याच्या मनात आधीच तयार होतो.

हा अंदाज गुणांत उतरतो का, हे तपासणारे अभ्यास आहेत. १९२० मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी दाखवलं की माणसाबद्दल एक चांगलं मत झालं की त्याचे इतर गुणही आपण चढेच लावतो. १९७२ च्या एका प्रयोगात पियानोचं एकच ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवलं गेलं, एकदा व्यावसायिक वादकाचं म्हणून आणि एकदा विद्यार्थ्याचं म्हणून. विद्यार्थ्याच्या नावावर गुण कमी पडले. फिगर स्केटिंगवरच्या २००४ च्या कॅनडातल्या अभ्यासात, ज्या परीक्षकांना खेळाडूंचं नाव आधीपासून माहीत होतं, त्यांच्याकडून त्यांना वरचा क्रमांक मिळाल्याचं दिसलं. यातला कोणताही प्रयोग बँडवर झालेला नाही, तरीही यातून जो दोष दिसतो तो मानवी नजरेचा आहे. पैसे खाल्ल्याचा आरोप करून आपण परीक्षकांवर अन्याय करतो, आणि मूळ कारणही हातातून निसटतं.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नावाजलेलं पथक बहुतेक वेळा खरोखरच चांगलं असतं. तिथे जुने वादक नव्यांना घडवतात आणि ठेका पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. म्हणून ‘नावामुळे जिंकले’ हे एका निकालावरून कधीच सिद्ध होत नाही. खरा तोटा होतो तो पहिल्यांदा उतरलेल्या पथकाचा, ज्याची अपेक्षाच कुणी केलेली नसते.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. इथे मिरवणुकीचा क्रम मानाने ठरतो. सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वजांचा क्रम ठरलेला असतो, आणि तिथे तो योग्यच आहे, कारण ती परंपरा आहे आणि कुणी कुणाला गुण देत नाही. पण लेझीमला बक्षीस ठेवलं की ती स्पर्धा होते. मानाने पुढे असलेलं मंडळ परीक्षकासमोर मान घेऊनच येतं. मान मिरवणुकीत राहू द्यावा आणि स्पर्धा वेगळ्या दिवशी मैदानावर घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. क्रम चिठ्ठीने ठरवावा, परीक्षक बाहेरच्या जिल्ह्यातले असावेत, मंडळाचं नाव पुकारू नये. ठेक्याला गुण देणाऱ्याने मैदानाकडे पाठ करून बसावं, डाव आणि रांगा पाहणारा वेगळा असावा, आणि पुढचं पथक उभं राहण्याआधी दोघांच्या गुणपत्रिका गोळा व्हाव्यात.