ग्रामीण महाराष्ट्रातील घरगुती वीजपुरवठा व वीजआकारणी

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत घरांना वीज पोहोचवणारी व्यवस्था आणि त्या विजेचे दरमहा येणारे बिल यांविषयीची ही नोंद. मुंबईचा बहुतेक भाग वगळता राज्यभर वीजवितरण महावितरण ही सरकारी कंपनी करते. घरगुती युनिटचा दर पुण्यात जो, तोच गडचिरोलीच्या शेवटच्या पाड्यावर. खेड्यातला ग्राहक मागे राहतो तो पुरवठ्यात, आणि त्याच्या वाट्याला किती तास, किती दाबाची वीज येणार हे बरेचसे त्याचे घर कोणत्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या कोणत्या लाइनवर आहे यावर ठरते.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली. ६ जून २००५ ला मंडळाचे विभाजन होऊन निर्मितीसाठी महानिर्मिती, पारेषणासाठी महापारेषण व वितरणासाठी महावितरण अशा कंपन्या झाल्या. दर ठरवण्याचा अधिकार कंपनीला नाही. तो १९९९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे आहे. याला समांतर असा एक सहकारी प्रयोगही राज्याने पाहिला. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले, तेव्हा देशात ज्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था प्रायोगिक तत्त्वावर निघाल्या, त्यांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा होती. अमेरिकेतील ग्रामीण वीज सहकारी संस्था हा त्यांचा नमुना. मुळा-प्रवरेचा परवाना ३१ जानेवारी २०११ ला संपला आणि तिचे ग्राहक महावितरणकडे आले.

गावात वीज आली म्हणजे घरात आली असे नव्हे, हे आकडेवारी वाचताना कायम लक्षात ठेवावे लागते. २००४ पासूनच्या केंद्रीय व्याख्येनुसार गावातील दहा टक्के घरांना जोडणी असली तरी गाव ‘विद्युतीकृत’ धरले जाई. घर हे एकक मानून काम झाले ते २०१७ च्या सौभाग्य योजनेत.

गावठाण फीडर आणि शेतीचा फीडर

३३/११ केव्ही उपकेंद्रातून ११ हजार व्होल्टच्या लाइन निघतात. एकेक लाइन म्हणजे एकेक फीडर. पूर्वी गावातली घरे आणि शिवारातले पंप एकाच फीडरवर असत. विजेचा तुटवडा पडला की पंप रोखण्यासाठी सगळा फीडरच बंद करावा लागे, आणि पंपांबरोबर घरेही अंधारात जात. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत यावर दोन उपाय झाले. पहिला सिंगल फेजिंगचा: थ्री फेज काढून घ्यायचे म्हणजे मोटारी थांबतात, पण घरातले दिवे चालतात. दुसरा गावठाण फीडर वेगळा करण्याचा. हा खर्चिक, पण खरा उपाय. गावठाण फीडरला चोवीस तास वीज देता येते. शेतीच्या फीडरला पाळीने, साधारण आठ तास, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री थ्री फेज मिळते. दिवसाचा पुरवठा वाढवण्यासाठी २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारले जात आहेत.

या विभागणीत ज्यांची सोय झाली नाही ते म्हणजे शेतात वस्ती करून राहणारे. घर गावठाणाबाहेर, जवळची डीपी (विजेचा दाब उतरवणारे रोहित्र) शेतीच्या फीडरवर, त्यामुळे पंपांची पाळी संपली की घरातली लाइटही जाते किंवा मिणमिणते. बिल मात्र घरगुती दरानेच येते. वस्तीवर नवी जोडणी मागताना म्हणूनच पहिला प्रश्न ‘खांब किती लांब आहे’ हा नसावा. ‘डीपी कोणत्या फीडरवर आहे’ हा असावा.

डीपी

कागदोपत्री जे रोहित्र, ते गावात डीपी. ११ हजार व्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारे हे यंत्र साधारणपणे २५, ६३, १०० किंवा २०० केव्हीए क्षमतेचे असते. वरच्या अंगाला ११ हजार व्होल्टच्या बाजूचे तीन डीओ फ्यूज, खालच्या पेटीत किटकॅट म्हणजे घरांकडे जाणाऱ्या तारांचे फ्यूज, आणि तिथून तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारा गावात जातात. एका घराला एक फेज व न्यूट्रल मिळतो. त्यामुळे गल्लीतली शेजारशेजारची घरे वेगवेगळ्या फेजवर असू शकतात, आणि बिघाड कुठे आहे ते बहुतेकदा घरांकडे पाहूनच ओळखता येते.

काही घरे पूर्ण अंधारात आणि बाकीची व्यवस्थित असतील, तर खालच्या पेटीतला एका फेजचा फ्यूज उडालेला असतो. सगळ्या घरांत लाइट आहे, पण एक तृतीयांश घरे नीट व उरलेल्या घरांत बल्ब लालसर, पंखा जेमतेम फिरतो असे असेल, तर वरचा एक डीओ गेलेला असतो. अशा वेळी दोन फेजवर निम्माच दाब उरतो. या निम्म्या दाबावर फ्रीज चालू ठेवला तर कॉम्प्रेसर सुरू न होता नुसताच करंट ओढत राहतो आणि जळतो.

तिसरी खूण सगळ्यांत धोक्याची. एका घरात दिवे अचानक प्रखर होतात आणि त्याच क्षणी शेजारी मंदावतात, म्हणजे न्यूट्रल तुटला आहे. अशा वेळी दोन फेजवरची घरे एकमेकांना जोडल्यासारखी होऊन ४१५ व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ज्या घरात लोड कमी, त्याच्या वाट्याला दाब जास्त. टीव्ही, चार्जर, एलईडी दिवे एका झटक्यात जातात ते असे. तिथे करण्यासारखी गोष्ट एकच: मेन स्विच ताबडतोब पाडणे. डीपीच्या न्यूट्रलचे अर्थिंग सुस्थितीत असले तर नुकसान काहीसे आवरते. पण कोळसा-मिठाचा तो खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरते. त्यात पाणी घालणे हे देखभालीचे सर्वांत स्वस्त काम आहे आणि नेमके तेच राहून जाते.

डीपी जळण्याचे मुख्य कारण अतिरिक्त भार. १०० केव्हीएच्या डीपीला प्रत्येक फेजवर सुमारे १३३ अँपिअर पेलतात. पाच एचपीची मोटार साधारण साडेसात अँपिअर घेते, म्हणजे हिशेबाने सतरा मोटारी. रब्बीत त्यावर आकड्याच्या, म्हणजे तारेवर चोरून जोडलेल्या, आणखी मोटारी चढतात. त्यातच मोटारींना ऑटो स्विच लावलेले असतात. वीज परतल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम सुटतात, सुरुवातीचा करंट पाच-सहा पट होतो, आणि फ्यूज तरी उडतो किंवा त्याच्या जागी कोणी जाड तार घातलेली असेल तर डीपीच जाते. ऑटो स्विच काढणे आणि पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर बसवणे एवढ्याने बराच ताण उतरतो. जळालेले रोहित्र ग्रामीण भागात ४८ तासांत बदलून मिळावे, असे आयोगाचे कृती-मानक आहे. वाट पाहून कंटाळलेला माणूस स्वतः पेटीत हात घालतो आणि जीव गमावतो, हे दर पावसाळ्यात घडते. फ्यूज बांधणे, खांबावर फेज बदलून घेणे हे काम जनमित्राचेच, म्हणजे वायरमनचे. तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवून तिचा नंबर जपून ठेवावा.

बिल

घरगुती बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज तारांवरून पोहोचवण्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनखर्चातील फरकाचा) आणि या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क असते. वीज आकार टप्प्याटप्प्याने चढतो. आयोगाच्या ३१ मार्च २०२३ च्या आदेशानुसार २०२४-२५ साठी पहिल्या १०० युनिटना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि त्यापुढे १६.६४ असे दर होते. वहन आकार युनिटला १.१७ आणि सिंगल फेजचा स्थिर आकार महिना १२८ रुपये होता.

इंधन समायोजन बाजूला ठेवून याच दरांनी १०० युनिटचे बिल मांडले तर १२८ अधिक ४७१ अधिक ११७, म्हणजे ७१६, आणि शुल्कासह ८३०.५६ रुपये. १४० युनिटचे बिल १३६२.३० होते. वरचे चाळीस युनिट ५३२ रुपयांना पडले, म्हणजे प्रत्येकी १३ रुपये २९ पैसे. पहिल्या शंभरातल्या युनिटला वहन व शुल्क धरून ६.८२ पडतात. शंभराचा उंबरठा ओलांडला की भाव जवळजवळ दुप्पट होतो. काटकसर करायची ती या उंबरठ्याच्या आसपास.

म्हणूनच रीडिंग वेळेवर आणि खरे घेतले जाणे हा खेड्यातल्या ग्राहकाचा सर्वांत महत्त्वाचा हक्क आहे. घर बंद, मीटर नादुरुस्त किंवा रीडिंग घेणारा फिरकलाच नाही, तर सरासरीचे बिल येते. समजा तीन महिन्यांचा खरा वापर दरमहा ९० असा २७० युनिट आहे. तो एकाच महिन्यावर टाकला, तर १७० युनिट दुसऱ्या टप्प्यात जातात आणि वरच्या दरांनी शुल्कासह सुमारे ११०० रुपये जास्त पडतात. वापर त्या त्या महिन्यांत विभागून टप्प्याचा लाभ द्यावा, असा अर्ज मागील-चालू रीडिंग आणि मीटरच्या फोटोसह उपविभाग कार्यालयात करावा. बिल ३६ दिवसांचे असेल तर पहिला टप्पाही १०० ऐवजी १२० युनिटचा धरला गेला आहे का, तेही पाहावे.

मीटर जोरात पळतो अशी शंका असेल तर घरीच प्राथमिक तपासणी होते. मीटरवर ‘३२०० इम्पल्स’ लिहिलेले असेल, तर लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. बाकी सर्व बंद करून फक्त हजार वॉटचा हीटर एक मिनिट लावला तर सुमारे ५३ वेळा लुकलुक व्हायला हवी. दाब २०० व्होल्टच असेल तर ती ४० च्या आसपास येईल, कारण कमी दाबावर हीटरच कमी वीज घेतो. घरातले सर्व स्विच बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला, तर बहुधा वायरिंगमध्ये गळती आहे किंवा शेजाऱ्याचा न्यूट्रल मिसळला आहे; मीटर बदलून तो दोष जात नाही.

घराच्या ओटीवरील छोटे दुकान महिना ३०० युनिटपर्यंत घरगुती दरातच बसते. पिठाची गिरणी मात्र औद्योगिक वर्गात मोडते, तिला वेगळी जोडणी लागते.

जोडणी, थकबाकी व तक्रार

नव्या जोडणीसाठी अर्ज, ओळखपत्र, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा आणि परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. त्यानंतर कोटेशन मिळते व ते भरले की मीटर बसतो. नवे खांब टाकावे लागत नसतील तर केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीनुसार ग्रामीण भागात १५ दिवसांची, डोंगराळ भागात ३० दिवसांची मुदत आहे.

थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. जी रक्कम बिलात सतत दाखवलेली नाही, ती दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. दोन्ही तरतुदी विद्युत कायदा, २००३ च्या कलम ५६ मध्ये आहेत. उपविभागात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे दोन वर्षांच्या आत, आणि तिथल्या निकालाविरुद्ध साठ दिवसांत मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपालाकडे जाता येते. वकील लावण्याची गरज नसते.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छतावरील सौर संचाला एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन व अधिकला ७८ हजार रुपये अनुदान आहे. बिल त्याने घटते, पण लाइट जाण्यावर तो उपाय नाही: बॅटरी नसलेला संच ग्रीड बंद पडताच स्वतःही बंद होतो. तसे केलेले असते ते तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी.