टी-शर्ट मोजायचा तर टाका मोजा

बेळगावात वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांतून जाताना मागाचा खटखटाट अजून कानावर येतो. मागावरचं कापड समजायला सोपं. ताणा उभा, बाणा आडवा, धागे एकमेकांच्या खालून-वरून जवळपास सरळ जातात. टेप लावा, माप मिळतं. अंगातल्या बनियनला टेप लावून बघा: जरा ओढलं की दोन बोटं लांब, सोडलं की पुन्हा आखूड. मग त्याचं खरं माप कोणतं?

आपल्या मराठीत दोन्हीला 'विणणं'च म्हणतात, पण बनियनमध्ये ताणा-बाणा नसतोच. एकच धागा वळणं घेत जातो आणि प्रत्येक वळण खालच्या वळणातून ओढून घेतलेलं असतं. हाच टाका. कापड ताणलं की धागा फारसा लांबत नाही, टाक्याचा आकार बदलतो. उभं ओढलं तर टाके उंच आणि अरुंद होतात, आडवं ओढलं तर बुटके आणि रुंद.

माझ्या मावशीला हे हातानं ठाऊक होतं. दसरा झाला, बेळगावची हवा गार व्हायला लागली की तिच्या सुया बाहेर निघायच्या. पण लोकर आणली म्हणून ती लगेच स्वेटर विणायला घ्यायची नाही. आधी तळहाताएवढा नमुना विणायचा, धुऊन सावलीत पसरायचा आणि वाळला की पट्टी ठेवून टाचणीच्या टोकानं टाके मोजायचे. मी तो हातानं सरळ करायला गेले की म्हणायची, "ओढू नकोस गं, निवांत पडू दे त्याला." प्रयोगशाळेतही होजिअरीचं कापड ताण न देता सपाट पसरून ठेवतात आणि नंतरच मोजतात.

ताणानं न बदलणारी गोष्ट एकच: एका टाक्यात गेलेला धागा. ती घरी मोजता येते. जुन्या टी-शर्टचा तुकडा कापा, कडेच्या ओळीत पन्नास टाके मोजून दोन्ही टोकांना पेनानं खूण करा आणि ती ओळ उसवा. तुकड्याच्या एका कडेची ओळ सुटत नसेल तर समोरच्या कडेच्या ओळीवर हेच करून बघा, सुटेल. कुरळा धागा पट्टीवर हलकेच सरळ करा. दोन खुणांमध्ये 13.5 सेंटीमीटर भरले, तर एका टाक्यात 2.7 मिलिमीटर धागा आहे.

इथं मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट येते. 1959 मध्ये इंग्लंडमधले संशोधक डी. एल. मंडन यांनी दाखवलं की साधं होजिअरी कापड ताण सोडून निवांत झालं की त्याची घडण या एका लांबीवरूनच ठरते. एका टाक्यातल्या धाग्याची लांबी सेंटीमीटरमध्ये घ्या, आपल्या उदाहरणात 0.27. 5 ला या लांबीनं भागलं की एका सेंटीमीटरमधल्या आडव्या ओळी मिळतात, 3.8 ला भागलं की उभ्या. म्हणजे सुमारे साडेअठरा आणि चौदा, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरमध्ये साधारण 260 टाके. एका चौरस मीटरमध्ये सात किलोमीटर धागा! तो जाडीच्या हिशोबात तीस नंबरचा सुती असेल तर वजन 139 ग्रॅमच्या आसपास. दुकानदार ज्याला 'जीएसएम', म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅम, म्हणतात तो आकडा हाच. पडताळायचं असेल तर दहा बाय दहा सेंटीमीटरचा तुकडा ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवा आणि ग्रॅमला शंभरनं गुणा.

नवा टी-शर्ट आखूड का होतो, तेही यातून कळतं. कारखान्यात ओलं कापड लांबीत ओढलं जातं आणि तसंच वाळतं. पहिल्या धुण्यात टाके मोकळे होऊन आपल्या मूळ आकाराकडे परततात, लांबी घटते. मी बाजारातून आणलेल्या एका टी-शर्टची तर बाजूची शिवण दोन धुण्यांत पोटावर आली. त्याला धाग्याचा पीळ कारणीभूत: पीळ उलगडू पाहतो, टाके तिरके होतात आणि त्यांच्याबरोबर शिवणही फिरते.

म्हणून होजिअरीचं कापड शिवायला आणलंत तर कात्री लावण्याआधी दोनदा धुवा, आणि दोरीवर टांगू नका, पसरून वाळवा.